मुंबई–न्यूयॉर्क, व्हाया राजकोट

मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. पावसाळा असो, युद्ध असो, तिकीट स्वस्तातलं असो की कर्ज काढून घेतलेलं, हा आकडा तसूभर हलत नाही. हलतो तो वेळ. जाताना साधारण सोळा तास. येताना तेच अंतर, तेच विमान, आणि तरी तास-दीड तास आधीच सहार गाठलेलं. म्हणून ज्यांची मुलं-सुना तिकडे आहेत, त्यांना ‘किती लांब हो?’ असं विचारलं तर किलोमीटर कुणी सांगत नाही. ‘सोळा तास बसावं लागतं,’ हेच उत्तर येतं. तेच बरोबर आहे. अंतर भूगोलाने एकदाच ठरवून टाकलंय. वेळ मात्र रोज नव्याने ठरतो. वारा ठरवतो, इंधनाची टाकी ठरवते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणंही ठरवतात.

आधी राजकोटचं सांगतो

समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा लागला की शेजारच्या सीटवरचे काका हमखास अस्वस्थ होतात. ‘अहो, हे वर कुठे निघालंय? अमेरिका तर डावीकडे आहे!’ काकांचा दोष नाही. दोष शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाचा. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी जो नकाशा काढला, त्याच्याच घराण्यातले नकाशे आपण बघत आलो. त्यात होकायंत्राची दिशा बिनचूक मिळते, पण ध्रुवांकडचा प्रदेश फुगून बसतो. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतील.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा जाईल असं वाटत असेल तर हात सैल आहे, आणखी ताणा. ताणलेला दोरा मुंबईतून निघून राजकोटच्या थोडा वरून कच्छच्या रणात शिरतो. पुढे सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तानचं वाळवंट आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग. मग मॉस्कोच्या अगदी शेजारून, हेलसिंकीच्या जवळून आणि आइसलंडच्या राजधानीच्या, म्हणजे रेकयाविकच्या, जवळजवळ डोक्यावरून. ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला ओझरता स्पर्श करून तो कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये उतरतो आणि तिथून खाली न्यूयॉर्कला येतो.

म्हणजे मुंबईहून न्यूयॉर्कला जायची सर्वांत जवळची वाट पश्चिमेला जातच नाही. ती आधी उत्तरेला जाते, इतकी की आइसलंडच्या अक्षांशापर्यंत चढते. यालाच बृहद्वृत्त म्हणतात. शाळेच्या भूगोलात हे होतं, पण दोन गुणांच्या प्रश्नापुरतं.

आता हा दोरा जिथून जातो त्या देशांची नावं पुन्हा एकदा वाचा. यातल्या किती देशांच्या आकाशातून आज निवांत जाता येतं? त्याकडे येऊच. आधी वारा.

हेलिकॉप्टर दादरवर नुसतं थांबवलं तर?

लग्नाच्या पंगतीत किंवा ट्रेकच्या मुक्कामात कुणीतरी हा प्रश्न काढतंच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला फायदा का नाही? ठिकाण तर आपणहून त्याच्याकडे येतंय.

हिशेब मोठा मोहक आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते. दादरवर हेलिकॉप्टर हवेत तासभर थांबवलं, तर खालून पृथ्वी सरकून ओमानचा किनारा यायला हवा. व्हिसा काढला की झालं. असं होत नाही, कारण हवाही पृथ्वीसोबतच फिरते. हेलिकॉप्टर त्या हवेत आहे, तेही फिरतं, आणि तासाभराने खाली दादरच असतं. वर इंधनाचं बिल.

खरा फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वाऱ्याचा पट्टा हिवाळ्यात ताशी दोन-तीनशे किलोमीटरचा वेग सहज गाठतो. पूर्वेला जाताना तो पाठीशी असतो, पश्चिमेला जाताना छातीवर. अमेरिकेहून मुंबईला येताना वेळ वाचतो तो याच्याच कृपेने.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, १९२०च्या दशकात, तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून. शोध मोठा होता, जगाला कळायला हवा होता. म्हणून त्यांनी अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम विश्वभाषेत! साऱ्या जगाने वाचावं म्हणून निवडलेली भाषा जगात जवळपास कुणालाच येत नव्हती. परिणामी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर वैमानिक जपानवर पोहोचले तेव्हा, आपली विमानं जागच्या जागी का थांबल्यासारखी वाटताहेत, हे त्यांना कळेना. विज्ञानाच्या इतिहासातला इतका सज्जन घोटाळा दुसरा नसेल.

हाच वारा पाठीशी लागला की काय होतं ते ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री दिसलं. सियारा वादळ घोंगावत होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला निघालं होतं. एरवी साडेसहा तासांचा प्रवास त्याने ४ तास ५६ मिनिटांत उरकला. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते आपल्या नेहमीच्याच चालीने जात होतं, हवाच धावत होती.

लांबचा रस्ता, लवकर पोहोच

या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता किस्सा दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचा आहे. एअर इंडियाने ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर, आणि बराच वेळ वारा समोरून. वर्षभरातच कुणीतरी डोकं चालवलं. उलटीकडून गेलं तर? पूर्वेला, चीन-जपानवरून, पॅसिफिक ओलांडून?

अंतर वाढून झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. मुंबईहून दिल्लीला जाऊन वर आणखी थोडं. तरीही १६ ऑक्टोबर २०१६ रोजी पहिल्याच खेपेला ते विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचलं. जवळच्या रस्त्याने जाण्यापेक्षा सुमारे दोन तास आधी. पाठीवर वारा असला की असा सौदा जमतो. रिक्षावाला ‘लांबून नेतो पण ट्रॅफिक नाही’ म्हणतो, तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, पण आकाशात ते खरं निघालं.

त्या विमानाच्या कॅलेंडरची गंमत त्याहून भारी. दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघालं. पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तेव्हा शनिवारात शिरलं. सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं तेव्हा पुन्हा रविवार, सकाळचे साडेसहाच्या आसपास. ज्यांना रविवार पुरत नाही त्यांनी या विमानाचा विचार करावा.

उलट प्रकारही घडला आहे. ९ जानेवारी २०२१, शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला जाणारं एअर इंडियाचं पहिलं नॉनस्टॉप विमान रात्री निघालं. कॉकपिटमधल्या सगळ्या वैमानिक स्त्रिया, कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख. वाट उत्तर ध्रुवावरून, सुमारे चौदा हजार किलोमीटर. उतरलं ते सोमवारी पहाटे. रविवार बहुतेक हवेतच संपला.

ध्रुवावरून जाणं हे नकाशावर दिसतं तितकं साधं नसतं. चुंबकीय होकायंत्र तिथे भरवशाचं राहत नाही, म्हणून खऱ्या उत्तरेचा हिशेब धरून उडावं लागतं. बाहेरची थंडी उणे साठच्याही खाली जाऊ शकते, आणि नेहमीचं जेट इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं. पंखांतल्या टाक्यांचं तापमान खाली यायला लागलं की वैमानिक विमान थोडं खालच्या, उबदार हवेत आणतात, नाहीतर वेग वाढवतात. वेगाने घर्षण वाढतं आणि पंख तापतात. शिवाय अडचण आली तर उतरायचं कुठे, हे निघण्याआधीच कागदावर ठरवून ठेवलेलं असतं. सायबेरियातल्या कुठल्यातरी गावाचं नाव त्या यादीत असतं आणि आत झोपलेल्या तीनशे जणांना त्याचा पत्ताही नसतो.

शेजाऱ्यांची भांडणं

पुन्हा त्या दोऱ्याकडे येऊ. पहिलाच परदेश पाकिस्तान. २०१९ साली बालाकोटवरच्या भारताच्या हवाई हल्ल्यानंतर त्यांनी आपलं आकाश जवळपास साडेचार महिने बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पुन्हा भारतीय विमानांना मनाई झाली आणि भारतानेही तेच केलं. याचा मार सर्वांत जास्त बसतो तो दिल्लीला. तिथून निघालेल्या विमानाला आधी खाली येऊन अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर इंधन भरायला व्हिएन्नाला उतरावं लागलं. मुंबईला समुद्र अंगणातच असल्याने तितका त्रास नाही. कोकणाला किनारा दिला त्याचा हा असाही उपयोग!

दोऱ्यावरचा दुसरा मोठा देश रशिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी-युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. त्यामुळे युनायटेडने त्या मार्चमध्ये नेवार्क–मुंबई सेवाच थांबवली. भारतीय कंपन्यांना मात्र ती वाट खुली राहिली. एकाच शहरातून एकाच शहराला जाणाऱ्या दोन विमानांच्या वेळेत फरक का, तर शेपटीवरचा झेंडा वेगळा म्हणून.

राजकारण वेळेला कसं ताणतं याचा सर्वांत करुण नमुना मात्र न्यूयॉर्कचा नाही, कराचीचा आहे. मुंबई–कराची हवाई अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. जेटला सव्वा-दीड तास पुरे. पण आज थेट विमानच नाही. कराचीहून दुबई, दुबईहून मुंबई, असा तीन हजारांवर किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

आता १५ ऑक्टोबर १९३२ बघा. जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन, एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून सकाळी साडेसहानंतर कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधनासाठी उतरले. तिथे बर्मा शेलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले होते. मग पुन्हा उडाले आणि दुपारी दोनच्या आधी जुहूच्या मातीत उतरले. एकूण सव्वासात तास, बैलगाडीसकट. आज दुबईमार्गे, मधला थांबा धरून, यापेक्षा फार लवकर पोहोचता येत नाही. नव्वद वर्षांची प्रगती बैलगाडीशी बरोबरी करतेय.

वेग नव्हे, थांबे कमी झाले

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’मध्ये लंडन ते मुंबईसाठी वीस दिवस धरले होते: सुएझपर्यंत सात, तिथून बोटीने तेरा. ते पुस्तक १८७३चं, सुएझ कालवा सुरू होऊन चारच वर्षं झालेली. १९२९ साली इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची विमानसेवा काढली ती सात दिवसांची, आणि त्यातही एक टप्पा चक्क रेल्वेने.

त्याच काळात आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. १९३० मध्ये जे.आर.डी. कराचीहून निघाले आणि सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांची गाठ पडली इजिप्तमधल्या अबुकीरच्या धावपट्टीवर. ॲस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याजवळ चांगले स्पार्क प्लग नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले आणि आपल्या वाटेने गेले. ॲस्पी थोड्या तासांच्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे हाच मुलगा एअर मार्शल झाला, १९६० ते १९६४ भारतीय हवाई दलाचा प्रमुख. प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग द्यायचे की नाही, यावर आज एखाद्या कंपनीत तीन मीटिंगा झाल्या असत्या.

८ जून १९४८च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. आठवड्यातून एकदा, मंगळवारी. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ने मुंबईला न्यूयॉर्कशी जोडलं, पण लंडनला थांबूनच. मुंबई–न्यूयॉर्क असं मध्ये कुठेही न टेकणारं एअर इंडियाचं विमान उडायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला.

यातली मेख अशी की ७०७ ताशी नऊशे किलोमीटरच्या पुढेच उडायचं, आणि आजची बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३५० सुद्धा नऊशेच्याच आसपास उडतात. साठ-पासष्ट वर्षांत विमानाचा वेग वाढलेलाच नाही! मोबाइल, मोटारी, लोकलचे डबे, सगळं बदललं. विमानं तिथेच. सुटला तो फक्त मधला थांबा. आणि तो सुटला इंधनामुळे.

अठरा टँकर

लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७च्या टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. उन्हाळ्यात सोसायटीत दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तसे अठरा टँकर. वजनाने जवळपास १४५ टन. उडताना विमानाचं कमाल वजन ३५० टनांच्या आसपास असतं. म्हणजे अशा वेळी जे हवेत चढतं, त्यातलं सुमारे चाळीस टक्के नुसतं इंधन.

आणि ते इंधन वाहून न्यायला पुन्हा इंधन लागतं. पहिल्या काही तासांत विमान बऱ्याच अंशी शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेण्यासाठी इंधन जाळत असतं. म्हणून सोळा तासांचं एक उड्डाण हे आठ-आठ तासांच्या दोन उड्डाणांपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही, बऱ्याचदा महागच पडतं. थेट विमानाचं तिकीट चढं का, याचं एक कारण हे. दुसरं कारण अर्थात आपणच. आईबाबांना दोहा किंवा फ्रँकफर्टला गेट शोधायला लावण्यापेक्षा मुलं वीस हजार जास्त मोजतात, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं.

सिंगापूर–न्यूयॉर्क हे आजच्या घडीला जगातलं सर्वांत लांब नॉनस्टॉप उड्डाण. पंधरा हजार तीनशेच्या वर किलोमीटर, अठरा तासांहून जास्त. त्यासाठी खास बनवलेल्या ए३५०मध्ये सीटा फक्त १६१, आणि इकॉनॉमी वर्गच नाही. इतक्या लांब जायचं तर माणसं कमी आणि इंधन जास्त, हाच हिशेब.

कळसूबाईच्या वर बसून जेवण

विमान अकरा किलोमीटरवर असलं तरी केबिनमधली हवा तितकी विरळ ठेवत नाहीत. जुन्या विमानांत ती आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी असू शकते. ड्रीमलायनर आणि ए३५०मध्ये सहा हजार फुटांच्या आसपास. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंच जागी, वाळवंटासारख्या कोरड्या हवेत, सोळा तास बसून राहायचं. पाय सुजतात, ओठ फुटतात, आणि विमानातल्या पोळीला चव लागत नाही, त्याचं कारण यातच आहे. पोळीचा दोष थोडा कमी धरावा.

लुफ्तान्साने जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेकडून याचा अभ्यासच करून घेतला. कमी दाबाच्या, कोरड्या, घरघरत्या केबिनमध्ये मीठ आणि साखर जिभेला बरीच कमी जाणवते. टोमॅटोचा रस मात्र जमिनीवरच्यापेक्षा चांगला लागतो. ट्रॉली आली की नको ते कोल्ड्रिंक सोडून एकदा मागून बघा. आणि मेतकूट, लिंबाचं लोणचं पिशवीत घेऊन जाणाऱ्या समस्त आज्यांना शास्त्राचा पाठिंबा आहे, हे त्यांना सांगा.

जेवणाचीच आणखी एक गोष्ट, जी न कळल्यामुळे अनेकांचा उपास घडतो. तिकीट काढताना जेवणाचे जे प्रकार असतात त्यातलं ‘हिंदू मील’ हे शाकाहारी नसतं. त्यात गोमांस आणि डुकराचं मांस नसतं, इतकंच. चिकन, मटण, मासे असू शकतात. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’ निवडा. चतुर्थीला निघणाऱ्यांनी तर दोनदा तपासा.

आणि हो, पुढे वैमानिक दोन नसतात, सोळा तासांच्या उड्डाणाला चार असतात. पाळीपाळीने झोपतात. ७७७मध्ये त्यांच्यासाठी आणि हवाईसुंदऱ्यांसाठी केबिनच्या छताच्या वर बंक असतात, छोटा जिना चढून जायचे. आपण मान वाकडी करून पेंगत असतो तेव्हा डोक्यावर कुणीतरी मस्त आडवं पडलेलं असतं.

दोन टोकं

लांब उड्डाणांचा खरा पराक्रम जेटच्या आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर जपान्यांच्या हाती गेलं आणि ऑस्ट्रेलियाचा इंग्लंडशी हवाई संपर्क तुटला. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात क्वांटासने पर्थहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, कॅटालिना नावाच्या सागरी विमानातून नॉनस्टॉप उड्डाणं केली. शत्रूला कळू नये म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. जेमतेम तीन प्रवासी आणि थोडं टपाल. वेळ लागायचा सत्तावीस ते तेहतीस तास. प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसायचे आणि उतरल्यावर तसं प्रमाणपत्रही मिळायचं. आपण मात्र सोळा तासांत वायफाय गेलं म्हणून तक्रार करतो.

तीच कंपनी आता सिडनी–लंडन नॉनस्टॉपच्या मागे आहे. २०१९ साली रिकाम्या सीटांचं चाचणी उड्डाण लंडनहून सिडनीला १९ तास १९ मिनिटांत पोहोचलं होतं. १९४७ साली याच मार्गाच्या विमानाला चार दिवस लागायचे, आणि वाटेत कलकत्ता नि कराचीही लागायची.

दुसरं टोक स्कॉटलंडच्या वर, ऑर्कनी बेटांत. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण: अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटांच्या आत. वारा चांगला असताना ५३ सेकंदांचा विक्रम आहे. पट्टा लावेपर्यंत सोडायची वेळ.

आणि मुंबईपासून सर्वांत लांब कुठे जाता येईल? पृथ्वीगोलातून मुंबईच्या खाली सळई घातली तर ती निघते पॅसिफिक महासागरात, भर पाण्यात. तिथून सर्वांत जवळचं माणसांचं बेट म्हणजे दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं चिलीचं ईस्टर बेट, तेही सुमारे नऊशे किलोमीटर दक्षिणेला. मुंबईपासून जवळपास १९,१०० किलोमीटर. तिथली धावपट्टी नासाच्या मदतीने लांबवलेली आहे, स्पेस शटलला अडचणीच्या वेळी उतरता यावं म्हणून. मुंबईहून तिथे जाण्याला कुठलाच ‘जवळचा’ रस्ता नाही. उत्तरेने जा, दक्षिणेने जा, फरक फार पडत नाही.

निघण्याआधी एवढं बघा

‘डायरेक्ट’ विमान म्हणजे ‘नॉनस्टॉप’ असं समजू नका. डायरेक्टला नंबर एकच असतो, पण ते वाटेत कुठेतरी उतरू शकतं. तिकिटावर थांबे शून्य आहेत का, ते पाहा. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून मुंबईहून रात्री एकला निघालेलं विमान उन्हाळ्यात तिकडे त्याच तारखेला सकाळी साडेसातच्या सुमाराला उतरतं. सोळा तास बसून घड्याळात साडेसहाच पुढे. परतीला मात्र तारीख एकाने पुढे जाते, विमानतळावर न्यायला येणाऱ्यांना ती नीट कळवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकेची बहुतेक विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि रात्रीचे दीड लिहिलं असेल, तर घरातून १४ तारखेला संध्याकाळीच निघायचं. १५ च्या रात्री जेवून-खाऊन, नारळ फोडून विमानतळावर पोहोचाल, तर विमान न्यूयॉर्कला केव्हाच उतरलेलं असेल.